लाल दोऱ्याची कळी

मोगऱ्याचा वास आला की लोक हळवे होतात; माझं मात्र डोकं तापतं. कॉलेजात असताना मोबाइलवर एक छोटी फिल्म करून द्यायची होती, आणि मी ठरवलं, वसईतल्या आमच्या वाडीत मोगऱ्याची कळी उमलताना दाखवायची. दोन दिवस वायाच गेले. एकदा उन्हाने फोन तापून बंद पडला, एकदा झाडांना सोडलेल्या पाण्यात स्टँड कलंडला. शेवटच्या दिवशी उजाडताच मी बांबूच्या कामट्या केळीच्या सोपटाने आवळून नवा स्टँड केला, वर छत्री बांधली, पॉवर बँक जोडली, एक टपोरी कळी निवडली आणि ओळखू यावी म्हणून देठाला लाल दोरा बांधून कॉलेजला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर व्हिडिओत आधी कळी, मग कळ्या खुडायला आलेल्या माझ्या काकूची बोटं आणि पुढे दिवसभर नुसता हलणारा देठ! "काकू, एवढा लाल दोरा दिसला नाही तुला?" मी ओरडलेच. "दिसला की," ती म्हणाली, "खुडायची राहू नये म्हणूनच बांधलास ना? उमललेल्या फुलाला बाजारात कोण विचारतं?" आणि वर फोनमध्ये डोकावून, "माझा हात छान आलाय हां!" मी त्या रात्री जेवले नाही. आता माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत मोगऱ्याची एकच कुंडी आहे. परवा तिच्यावरची कळी टपोरी झालेली दिसली, म्हणून फोन आणायला घाईने आत वळले, आणि बघते तर खुडलेली कळी माझ्याच मुठीत.