बम्प आला की उतरा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधला हा गृहस्थ गाडी कशी बाळगावी, कशी दुरुस्त करावी आणि कशी पळवावी, यावर कुणी न विचारता बोलतो. "कंपनीने दिली तशीच गाडी वापरतो तो गिऱ्हाईक, मालक नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणून त्याने मकरपुऱ्यातल्या एका गॅरेजात स्प्रिंगा कापून घेतल्या आणि गाडी जमिनीला टेकवली. "रेसमध्ये वळणावर रस्त्याला चिकटून राहते, काका. बराबर ने?"

रेस अजून व्हायची आहे. तोवर रस्त्यात बम्प आला, की गाडीचं पोट घासू नये म्हणून आत बसलेल्यांनी उतरायचं असतं. मी एकदा त्याच्या गाडीतून खंडेराव मार्केटपर्यंत गेलो, त्यातलं निम्मं पायी.

परवा त्याने गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला दवाखान्यातून घरी आणलं. सोसायटीच्या फाटकातल्या बम्पपाशी गाडी थांबली. "आई, उतर जरा. हा शेवटचाच."

त्या वॉकर धरून उतरल्या. मी हात द्यायला धावलो, तर म्हणाल्या, "थांबा, आधी गाडी जाऊ दे."

गाडी गेली. मग हा आपले दोन्ही धडधाकट गुडघे जमिनीवर टेकून गाडीखाली वाकून बघत बसला.