मॅडम बघण्याचा कार्यक्रम

माझ्या निमित्ताने आमच्या घरात आजवर एकच बघण्याचा कार्यक्रम झाला, आणि त्यात बघितलं गेलं ते माझ्या स्पॅनिशच्या मॅडमना.

मी तेव्हा पुण्यात स्पॅनिशचं एम.ए. करत होते. भाषा, साहित्य आणि संस्कृती, असं सगळं. (आंबवड्यातल्या आमच्या शेजारच्या काकू अजूनही 'पोरगी कंप्युटर शिकती' असंच सांगतात.) शेवटच्या वर्षी सहा महिने स्पेनमध्ये जाऊन शिकायची संधी आली. राहायचं होतं पिलार मॅडमच्या आईकडे, त्यांच्या गावी. मॅडम तिथल्याच, आमच्याकडे काही दिवसांपुरत्या शिकवायला आल्या होत्या. सगळं जमून आलं होतं, फक्त आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, होकार यायचा होता.

आबा नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "पोरगी परक्याच्या घरात ठिवायची, तर आदी माणसं बघाय पायजेत."

आता बघायला स्पेनला कोण जाणार? हाताशी मॅडम होत्या, त्यांनाच रविवारी गावी न्यायचं ठरलं. मॅडमना मी सांगितलं, घरच्यांनी जेवायला बोलावलंय. तिकडे आबांनी तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, निरोप धाडला. भावकीतल्या प्रत्येक पोरीचं स्थळ तात्यांनीच बघितलेलं आहे. त्यांनी नाकारलेल्या एकाही घराचं पुढे भलं झालं नाही, असं ते स्वतःच सांगतात.

भोरच्या एसटीत मी मॅडमकडून 'जय भीम' घोटून घेतलं होतं. दारात त्यांनी ते हात जोडून इतकं स्वच्छ म्हटलं, की आबांचा चेहरा उजळला. आत एकुलत्या खुर्चीवर मॅडम आणि खाली सतरंजीवर भावकी बसली. आई कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन आली, तर मॅडम चटकन उठल्या, ट्रे स्वतःच्या हातात घेतला आणि सगळ्यांपुढे फिरवला! तात्यांनी आबांना डोळ्यानेच खूण केली. चालण्यात काही खोट नव्हती.

मग प्रश्न सुरू झाले, आणि दुभाषी होते मी.

संस्कृती या विषयात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. पाश्चात्त्य बाईला पहिल्याच भेटीत वय, नवरा आणि मिळकत विचारू नये, हे मला तोंडपाठ होतं. तात्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, शेती किती. मी मॅडमना विचारलं, "आमचा परिसर तुम्हाला कसा वाटला, असं काका विचारताहेत." मॅडम खुलल्या. त्यांनी दारातून दिसणाऱ्या डोंगरापासून पार खालच्या भातखाचरांपर्यंत हात फिरवला आणि बराच वेळ बोलल्या.

"लई दिसतीया," तात्या म्हणाले.

"बऱ्यापैकी आहे," मी म्हटलं.

पुढचा प्रश्न आबांचा. मॅडमचे मालक काय करतात? हे तर विचारणं शक्यच नव्हतं. मी मॅडमना, त्या कुठलं साहित्य शिकवतात, ते विचारलं. तो त्यांचा जिव्हाळ्याचा विषय! सतराव्या शतकातली नाटकं, त्यातले अब्रूपायी पेटलेले बाप आणि भाऊ, हे सगळं त्या हातवारे करत सांगू लागल्या. शेवटी त्यांनी हवेत तलवार उपसली, छातीत खुपसून घेतली आणि मान टाकली.

"मालक मिल्ट्रीत हुते व्हय?" आबांनी हळू आवाजात विचारलं.

मी घाबरून "हो" म्हणाले, आणि एका शब्दात मॅडमना विधवा करून ठेवलं.

आईने डोळ्याला पदर लावला आणि ती मॅडमचा हात धरून शेजारी बसली. मॅडमनी मला विचारलं, आई का रडतेय? मी सांगितलं, सतराव्या शतकातलं साहित्य तिला फार लागतं. मॅडम भारावून गेल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा श्रोता त्यांना कधी मिळाला नव्हता.

आईला बरं वाटावं म्हणून त्यांनी मोबाईल काढला आणि घरचे फोटो दाखवायला घेतले. आधी त्यांची म्हातारी आई दिसली, मग ऑलिव्हची झाडं, आणि मग एक टकले, हसरे गृहस्थ. पुढच्याच फोटोत मॅडम त्यांच्या गालाचा मुका घेत होत्या. सतरंजीवरच्या सगळ्या माना एकदम पुढे झाल्या. हे मॅडमचे अगदी जिवंत, धडधाकट यजमान होते.

"दीर आहेत," मी म्हटलं, आणि त्या क्षणी मला स्पेन कायमचा दुरावल्यासारखा वाटला.

तात्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "दिराबरं पाट लावला व्हय? चांगलं केलं. बाईमाणसानं एकटं का ऱ्हावं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आई रडता रडता हसायला लागली. मॅडमनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तिला सुखान्त नाटकंही आवडतात.

जेवणं झाली. आबांनी घसा खाकरला. मी पुण्याला शिकायला गेल्यापासून दर शनिवारी ते भोरच्या स्टँडवर मला घ्यायला येत, एसटी कितीही उशिरा येवो. स्पेनहून येणाऱ्या गाडीची वाट ते कुठल्या स्टँडवर बघणार होते?

"आमाला पसंत हाय," आबा म्हणाले. "आता त्यांस्नी इचार, आमची पोरगी त्यांना पसंत हाय का."

हा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला. मॅडमनी थोडा विचार केला आणि मला कळावं म्हणून सावकाश बोलल्या. मुलगी गोड आहे, पण तुम्ही दोन शब्द विचारता आणि ती मला निबंध विचारते. हिला स्पॅनिश येत नाही. हिला पाठवाच.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. फिरवाफिरवी करावी, तर शेवटचं 'पाठवाच' हातचं जाणार! मी एक शब्दही न गाळता सगळं मराठीत सांगितलं.

आबा समाधानाने हसले. "ते आमास्नी मगाशीच कळलंया. म्या मालकाचं इचारलं, तर त्या तलवार काढाय लागल्या. जाऊं दे हिला, नीट शिकून तरी येईल."

एम.ए.च्या मार्कांवर नव्हे, मला स्पॅनिश येत नाही यावर दोन्ही देशांचं एकमत झालं, म्हणून मी स्पेनला गेले.