सव्वापाच ग्रॅम शिसं

दुकानातून माडीवर जायला सतरा पायऱ्या होत्या. वजनकाटे खाली दुरुस्त व्हायचे आणि वर तपासले जायचे. तपासणीची बिडाची वजनं संध्याकाळी खालच्या कपाटात कुलपात जायची आणि सकाळी पुन्हा वर न्यावी लागायची. त्यातलं वीस किलोचं वजन धाकटा न्यायचा. तो आजारी पडल्यापासून ताई नेऊ लागली.

पहिल्या दिवशी ती पाचव्या पायरीवर थांबली, मग नवव्या, मग तेराव्या. वर पोचली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"ठेव तिथेच," धाकटा म्हणाला. "उद्यापासून मी बघतो."

"तू स्वतःला बघ, चिमण्या. तेवढं पुष्कळ झालं."

धाकटा एक्केचाळीस वर्षांचा होता, ताई अठ्ठेचाळीसची. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून ती त्याला चिमण्या म्हणत आली होती, गिऱ्हाइकांसमोरही. गिऱ्हाइकं हसायची. त्याला सवय झाली होती.

त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा त्याला चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यावं लागे. ताईची किडनी त्याला जुळत होती. पण ताईचं वजन होतं चौऱ्याण्णव किलो. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "ऐंशीच्या आत या. त्याशिवाय मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. आणि फार उशीर करू नका, त्यांचं हृदय थकत चाललंय."

"ऐंशी," ताई म्हणाली. एखाद्या गिऱ्हाइकाने काटा कधी मिळेल असं विचारावं आणि तिने तारीख सांगावी, तितक्या सहज.

धाकट्याला कोणी विचारलंच नाही. त्याला ते नको होतं. या बाईने त्याची वेणी घालणं सोडून सगळं केलं होतं. स्वतःचं लग्न चार वर्षं लांबवलं होतं. आता पोट फाडून आणखी एक वस्तू त्याला द्यायची? त्याने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "तुझं मत मागितलंय का कुणी?"

दुसऱ्या दिवसापासून ती चालू लागली. गोदामांच्या मागचा रस्ता, पुढे रुळांवरचा पादचारी पूल. पुलाला बासष्ट पायऱ्या. पहिल्या महिन्यात ती एकदा चढायची आणि कठड्याला धरून उतरायची. मग दोनदा. मग चारदा. पाव, साखर, तळलेलं सगळं बंद. दाजी शाळेत गणित शिकवायचे. बायकोच्या हट्टापुढे त्यांनीही जेवण निम्म्यावर आणलं होतं आणि त्याबद्दल कुरकुरायचा हक्क मात्र शाबूत ठेवला होता.

दुकानात माणसांचं वजन करायचा एक उभा काटा होता. जुना, दांडीचा, दांडीवर सरकणारं पितळी वजन असलेला. ताईने तो झाडून पुसून पुढे आणला.

"तपास आणि शिक्का तू मार," ती धाकट्याला म्हणाली. "मी मारला तर माझं मन मला हळूच सूट देईल."

शिक्का म्हणजे तारेत अडकवलेली शिशाची गोळी. पकडीत दाबली की तिच्यावर खूण उमटते. ती तुटल्याशिवाय काटा उघडता येत नाही. बाबांनी दुकानात एक नियम घालून दिला होता. एकाने तपासून शिक्का मारला की दुसऱ्याने तो काटा पुन्हा तपासायचा नाही. दोघं तपासतात तेव्हा दोघंही निम्मंच तपासतात, असं ते म्हणत. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. नियम एकदाही मोडला नव्हता.

दर रविवारी फिरून आल्यावर ताई काट्यावर उभी राहायची. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव पूर्णांक सात. त्र्याण्णव पूर्णांक पाच. एका आठवड्यात तर फक्त शंभर ग्रॅम.

"या वेगाने तुझी ताई शंभराव्या वर्षी अगदी शेलाटी दिसेल," दाजी म्हणाले.

"तेव्हा तुम्ही कुठे असाल बघायला?" ताई बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली.

धाकट्याचंही वजन व्हायचं, डायलिसिसच्या आधी आणि नंतर. त्याच्या अंगात साठलेलं दोन किलो पाणी यंत्र चार तासांत ओढून घ्यायचं. तो नुसता पडून असायचा. तेवढंच वजन उतरवायला ताईला सहा आठवडे लागायचे. खाटेवर पडल्या पडल्या तो हा हिशेब करायचा आणि त्याला स्वतःचीच लाज वाटायची.

पाच महिन्यांत ती शहाऐंशीवर आली. तेव्हा धाकटा घाबरला. ही खरंच ऐंशीला पोचणार, हे त्याला पहिल्यांदा कळलं.

त्या रविवारी ती पुलावर गेली असताना त्याने शिक्का तोडला. दांडीवरच्या पितळी वजनाच्या पोटात बारीक पोकळी असते. तीत शिशाचे छरे भरलेले असतात. काटा जुळवताना छरे कमी-जास्त करतात. त्याने दोन छरे काढले. वजन हलकं झालं की ते दांडीवर पुढे सरकवावं लागतं, आणि माणूस आहे त्यापेक्षा जड दिसतो. मग त्याने रिकामा काटा समतोल केला, म्हणजे तिच्या सराईत नजरेला काही खटकू नये. नवी तार ओवली. नवी गोळी दाबली. बाबांच्याच पकडीने.

ताई आली. काट्यावर चढली. शहाऐंशी पूर्णांक दोन. गेल्या आठवड्याचाच आकडा.

"हं," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी त्याने आणखी दोन छरे काढले. मग हा क्रमच झाला. ती जेवढी उतरायची तेवढं तो पितळी वजन हलकं करायचा. छरे औषधाच्या एका रिकाम्या डबीत टाकायचा. त्याचा अंदाज साधा होता. आकडा हलला नाही की माणूस कंटाळतो. चार आठवडे, फार तर सहा. मग ती बूट कपाटात टाकेल, थोडी रडेल, आणि तिच्या अंगाला सुरी लागायची नाही. आपलं काय व्हायचं ते होईल.

चार आठवडे झाले. सहा झाले. आठ झाले.

शहाऐंशी पूर्णांक दोन.

घर माडीमागेच होतं. रोज सकाळी ती निघाली की खालचं दार वाजायचं. धाकटा अंथरुणातून कान देऊन असायचा. आज वाजणार नाही, असं त्याला रोज वाटायचं. दार वाजायचं. एकदा तिला ताप होता. त्या दिवशी ती पूल चढली नाही, नुसती चालून आली. लेकीच्या परीक्षेच्या दिवसांत ती तासभर आधी निघाली. समोरचा बेकरीवाला तिला म्हणाला, "मावशी, एवढ्या चालण्यात तर आमची बेकरी तीनदा बारीक झाली असती."

"मग चला की बरोबर," ती म्हणाली. "पण येताना हात रिकामे आणा."

दहाव्या आठवड्यात धाकटा माडीवर एक काटा जुळवत बसला होता. जिन्यावर बोलणं ऐकू आलं. ताई आणि दाजी वाद घालत वर येत होते. लेकीने कोणत्या कॉलेजात जावं यावरून. दाजी मागे, ताई पुढे. तिच्या हातात वीस किलोचं वजन होतं.

"तिला जे आवडतं ते शिकू दे," ती म्हणत होती. पाचवी पायरी. "तुम्हाला गणित आवडतं म्हणून सगळ्या जगाने..." नववी. "...बेरजा करत बसायचं का?" तेरावी.

दाजी अकराव्या पायरीवर दम घेत उभे होते. त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

ती वर आली. वजन जागेवर ठेवलं. अलगद, कसला आवाज न होता.

"काय रे? भूत पाहिल्यासारखा काय बघतोस?"

धाकट्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. पाचवी, नववी, तेरावी. ती कुठेच थांबली नव्हती. आणि हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "अडीच महिने आकडा हललेला नाही. तू सोडत का नाहीस?"

तिने पदराने मान पुसली.

"पहिले काही आठवडे फार वाईट गेले. मग मी ठरवलं, आकडा रविवारचा आणि पूल रोजचा. पूल मला चढता येतो. आकडा कसा हलवायचा ते मला येत नाही." ती हसली. मग हसू मावळलं. "पण एक सांगू? मला वाटतं मीच कुठेतरी चुकतेय. चोरून खात नाही, तरी खात असेन. झोपेत उठून कपाट उघडते की काय, असंसुद्धा मनात आलं. काटा तर बरोबर आहे. तुझा शिक्का आहे त्याच्यावर."

"दम लागतो का तुला आता? कपडे सैल झालेत ना?"

"कपडे धुऊन सैल होतात. काट्यावर विश्वास नाही ठेवायचा तर दुकान कशाला उघडायचं?" ती जिना उतरू लागली. "उद्यापासून आणखी दोन चकरा वाढवते. सहाच्या आठ."

तिने आठ केल्या. तीन आठवडे. तिचा डावा गुडघा सुजला. ती पट्टी बांधून जाऊ लागली.

तेराव्या रविवारी ती लंगडत परत आली तेव्हा उभा काटा दुकानाच्या मधोमध उघडा पडला होता. तुटलेली तार टेबलावर होती. पितळी वजन उलटं ठेवलेलं. शेजारी औषधाची डबी.

धाकटा उभा होता. बसायचं धाडस त्याला होत नव्हतं.

ताईने वजनाच्या पोटातली पोकळी पाहिली. डबी उघडली. छरे तळहातावर ओतले. तिला काही सांगावं लागलं नाही. काटेवाल्याच्या लेकीला ते वाचता येत होतं.

ती नाजूक काट्यापाशी गेली. सोनारांचे काटे जुळवायला वापरायचा तो काट्यांचा काटा. छरे त्यात टाकले.

"सव्वापाच ग्रॅम," ती म्हणाली.

"ताई..."

"तू शिक्का मारलास."

"हो."

"खोट्या वजनावर. तेरा वेळा. बाबांच्या पकडीने."

"हो."

ती स्टुलावर बसली. आधी बूट काढले. मग गुडघ्याची पट्टी सोडली. बराच वेळ ती गुडघा चोळत राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"का?"

"मला तुझी किडनी नकोय. तुला काही झालं तर मी ती घेऊन जगू कसा? तुला वाटेल आकडा हलत नाही, आणि तू सोडून देशील, असं..."

"मला सांगितलं असतंस."

"तू ऐकलं असतंस?"

ताईने विचार केला. प्रामाणिकपणे.

"नसतं ऐकलं," ती म्हणाली.

मग ताईचे खांदे हलू लागले. धाकट्याला वाटलं ती रडतेय. ती रडतही होती, पण जास्त हसत होती.

"अरे, मी रात्री कपाटाला सुतळी बांधून झोपत होते, चिमण्या! झोपेत खाते की काय म्हणून! तुझे दाजी रोज सकाळी गाठ तपासायचे!"

मग तिने डोळे पुसले आणि आवाज बदलला. गिऱ्हाइकाचं काम हाती घेताना व्हायचा तसा.

"भर ते परत."

त्याने छरे भरले. वीस किलोच्या वजनाने काटा तपासला. पुन्हा तपासला. मग ताई चढली. त्याने बोटाने पितळी वजन मागे सरकवलं. आणखी मागे. दांडी थांबली.

एक्क्याऐंशी पूर्णांक सहा.

धाकटा आकड्याकडे बघत राहिला. साडेचार किलो. तेरा आठवडे. तिला यातलं काही दिसलं नव्हतं. काट्याने तिला दर रविवारी फसवलं होतं, तिच्या भावाने फसवलं होतं, आणि ती रोज उठून बूट घालत होती. त्याला आपल्या ताईची ओळख पटेना. जिने त्याचे केस विंचरले, त्याच्या पाठीत धपाटे घातले, ती ही बाई नव्हती. ही कोण होती?

ताई काट्यावरून उतरली. टेबलावरची पकड तिने त्याच्या हातात दिली.

"मार शिक्का."

"तू मार. माझा आता..."

"तूच मार. आणि मी तपासणार नाही."

त्याला तार ओवायला तीन वेळा प्रयत्न करावे लागले. गोळी दाबली गेली. खूण उमटली. ताईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बेसिनवर तोंड धूत होती.

पुढचे पाच रविवार पुन्हा तेच. तीनशे ग्रॅम, दोनशे, चारशे. गुडघ्यासाठी आठच्या सहा चकरा. पण आता धाकटा बरोबर जायचा. डायलिसिस नसेल त्या दिवशी. त्याला पूल चढवत नव्हता. तो खालच्या पायरीवर बसून चकरा मोजायचा.

दवाखान्यातला काटा विजेवर चालणारा होता. ताईने चढण्याआधी वाकून त्याची खालची बाजू पाहिली.

"शेवटचा कधी तपासला होता?" तिने नर्सला विचारलं.

"अं? माहीत नाही."

"कोपऱ्यावरचा स्क्रू ढिला आहे. घट्ट करून घ्या." मग ती चढली.

एकोणऐंशी पूर्णांक आठ.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. आकडा पाहिला, ताईकडे पाहिलं. "चौऱ्याण्णववरून? इतके दिवस?" त्या म्हणाल्या. "बहुतेक लोक चौथ्या महिन्यात येईनासे होतात."

"मलाही सोडावंसं वाटलं होतं," ताई म्हणाली. "वेळच मिळाला नाही."

डॉक्टरीणबाईंनी कागद धाकट्यासमोर सरकवला. "घेणाऱ्याचीही सही लागते. तुम्हाला मान्य आहे ना?"

हा प्रश्न त्याला नऊ महिन्यांत पहिल्यांदाच कोणी विचारला होता. त्याने ताईकडे पाहिलं. तिने काही इशारा केला नाही. ती बुटाची नाडी बांधत होती.

त्याने सही केली. ठळक, दाबून. खाली दुसऱ्या कागदावर उमटेल इतकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालचं दार वाजलं. धाकटा खिडकीत आला. ताई रस्त्यावर उभी होती.

"आता कशाला?" त्याने वरून विचारलं. "झालं ना वजन!"

"ऑपरेशनपर्यंत टिकवायचं आहे. आणि सहा चकरांचं पायांना सांगून ठेवलंय, त्यांना आता काय कळवू?" तिने वर पाहिलं. "येतोस की नाही?"

तो खाली उतरला. पुलापाशी नेहमीच्या पायरीवर बसला. ताई चढू लागली. तिची पाठ वर वर जात राहिली, न थांबता. ती वळून उतरू लागली तेव्हा तो उठला. कठड्याला धरून एक पायरी चढला. मग दुसरी. चौथीवर दम लागला आणि तो तिथेच बसला.

ताई खाली आली. त्याच्याशेजारून जाताना तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली.

"किती झाल्या?"

"एक," तो म्हणाला.