बारानंतर सतरा

बारावी झाली तशी आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीतली झाडून सगळी मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला लागली. मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं, आणि प्रवेशासाठी दाखवायला माझ्याकडे होती फक्त व्यंगचित्रं. त्यातली तेरा ते सोळा ही पानं माझी सगळ्यात लाडकी. ती बाबांवर होती.

कारखान्यानं बाबांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली होती. तरी ते रोज सातला डबा घेऊन निघायचे, बागेत बसायचे आणि ठरल्या वेळी घरी यायचे. माझ्या चित्रांत ते माळ्याकडे गेटपास मागायचे, बाकावर बसून ओव्हरटाइम करायचे. बाबा ती बघून पोट धरून हसायचे. "डबा तीन कप्प्यांचा आहे, दोनच काढलेस," अशा चुकाही दाखवायचे. सकाळी दारात जरा बाजूला वळून थांबायचे, मला नाक नीट काढता यावं म्हणून.

पानांवर मी पेन्सिलीनं आकडे घातले. माझा प्रवेशपरीक्षेचा पेपर होता, म्हणून शनिवार पेठेतल्या बाइंडरकडे बाबाच गेले. फाइल खाकी कागदात गुंडाळून आली, ती थेट मुलाखतीतच उघडली.

"सफरचंद, माठ वगैरे जमत नाहीत वाटतं?" एका परीक्षकांनी विचारलं. शेजारच्या बाई मात्र पानं उलटताना हसत होत्या. मग थांबल्या.

"बारानंतर एकदम सतरा?"

मी वाकून पाहिलं; मधली चार पानं नव्हतीच. फाइल मिटून त्या म्हणाल्या, "हात चांगला आहे. पण सगळी परक्यांचीच टिंगल. घरचं कुणी दिसलं नाही का तुम्हाला?"

संध्याकाळी मी बाबांना पानांबद्दल विचारलं.

"फाडली," ते म्हणाले.

"तुम्हीच तर हसत होतात."

"घरात हसलो. म्हणून मला चार लोकांत नेऊन मांडायचं?"

पानं गेली त्याचा राग होताच. पण इतके दिवस ते हसले आणि मला फसवलं, हे जास्त लागलं. मला निदान सांगायचं तरी.

यादीत माझं नाव आलं नाही. मीही कॉम्प्युटरच्या क्लासला गेले. बाबांचं चित्र पुन्हा काढलं नाही.

बाबा सातला डबा उचलायचे आणि दारात थांबायचे, जरा बाजूला वळून. मी वर बघायचे नाही. मग ते निघून जायचे.