कुठंही गळलं नाही

लोकांची घरं गळायची म्हणून त्याचं घर चालायचं. गच्च्या, टाक्या, न्हाणीघराच्या भिंती, जिथं ओल तिथं तो. सगळे त्याला गळतीवाला म्हणत. जिन्यात भेटलेली एखादी बाई विचारायची, "गळतीवाले, आमच्या ह्यांचं नाकही बघा की जरा. बारा महिने गळतं."

"तिथली गॅरंटी देता येत नाही, वहिनी."

भिंतीला तळहात लावून तो डोळे मिटायचा. दुखतं कुठं ते विचारल्यासारखा. "पाणी दिसतं तिथून येत नसतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. काम संपलं की गच्चीच्या कडेनं बांध घालायचा, ती पाण्यानं भरायचा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीत जाऊन मान वर करून उभा राहायचा. कोरडं छत त्याला आवडायचं. त्याच्याकडे तो जरा जास्तच वेळ बघायचा.

थोरल्या मुलीला डोंगरांचं वेड होतं. पावसात चढायचं तर जॅकेट हवं, म्हणून बापलेक दुकानात गेले. तिनं एक हलकं जॅकेट उचललं. "बाबा, हे कापड श्वास घेतं."

"श्वास घेतं म्हणजे भोकं आहेत."

"अहो, अगदी बारीक असतात. पाणी नाही येत त्यातून."

"का? पाणी काय ओळख दाखवून थांबतं?"

ती हसली. त्यानं तिच्यासाठी दुसरंच निवडलं. पिवळं, जाड, आतून रबराचा थर दिलेलं. घरी आणून त्यानं एक बाही दोरीनं बांधली, तिच्यात पाणी भरलं आणि नळाला टांगून ठेवली. सकाळी खालचा कागद कोरडा होता. त्यानं तो कागद घरभर फिरवून दाखवला. बायको म्हणाली, "आता भिंतीवर लावा."

थोरली सोबत्यांबरोबर निघाली तेव्हा त्यानं स्वतः चेन गळ्यापर्यंत ओढली. "ही उघडायची नाही. काही झालं तरी."

"बरं, बाबा."

ती परत आली नाही. चढ मोठा होता. माथ्यावर पोचल्यावर धुकं उतरलं, वाट सापडेना, सगळे उघड्यावर वाऱ्यात बसून राहिले. मदत पोचली तोवर ती गार पडली होती. डॉक्टरांनी आवाज उतरवून सांगितलं, आतले कपडे पिळून काढावेत इतके ओले होते.

"जॅकेट फाटलं होतं का?" त्यानं विचारलं.

"नाही. जॅकेट धड आहे."

"शिवणीत कुठं?"

"कुठंही नाही हो."

तेव्हा, इस्पितळाच्या त्या पांढऱ्या बोळात, क्षणभर त्याला बरं वाटलं. आपलं काम गळलं नव्हतं. ते बरं वाटणं मग त्याच्या आत राहिलं आणि तिथंच नासत गेलं. कारण पाणी होतं. गळलं नव्हतं, तर ते आलं कुठून? आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी जाऊन त्यानं हाच तर प्रश्न सोडवला होता.

वर्ष होत आलं. थोरलीच्या सोबतचे सगळे पुन्हा त्या माथ्यावर जायचं म्हणत होते. धाकटीनं जेवताना जाहीर केलं, "मीही जाणार. ताईचं जॅकेट घालून."

"ते नको," तो म्हणाला.

"का?"

"जुनं झालंय."

"एकदाच घातलेलं जुनं होतं?"

"घालू दे की," बायको म्हणाली. "तिचं काहीतरी सोबत असेल."

तो ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी एकटाच दुकानात गेला आणि श्वास घेणारं जॅकेट मागितलं. कापड तोंडाला लावून त्यानं जोरात फुंकर मारली. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, पलीकडे काही पोचलं नाही.

दुकानातली मुलगी हसली. "काका, फुगा नाहीये तो. त्यातून वारा नाही जात, घामाची वाफ जाते. चढताना अंगातून केवढं पाणी निघतं! कापड बंद असलं तर ते आतच साचतं. मग थांबलं आणि वारा लागला, की माणूस गारठतं."

"अंगातून," तो म्हणाला.

"घरी करून बघा. कढत पाण्याच्या पेल्यावर कापड ताणून बांधायचं, वर काचेचा ग्लास उपडा ठेवायचा. वाफ आरपार गेली की ग्लास धुरकटतो."

दुपारी घरात कुणी नव्हतं. ओट्यावर त्यानं दोन पेले मांडले. एकावर नवं जॅकेट ताणून बांधलं, दुसऱ्यावर कपाटातलं पिवळं. थोड्या वेळानं नव्यावरचा ग्लास पांढुरका झाला. पिवळ्यावरचा स्वच्छ. त्यानं पाणी पुन्हा उकळून ओतलं, पुन्हा वाट बघितली. ग्लासातून पलीकडची खिडकी लख्ख दिसत होती.

मग त्यानं दोरी सोडून पिवळं कापड उलटं केलं. खालच्या बाजूला थेंब लोंबत होते, टपोरे, एकाशेजारी एक. गळक्या छताला असतात तसे. हे त्याला ओळखता येत होतं.

"बाबा."

दारात धाकटी उभी होती. कधी आली होती कोण जाणे.

"हे घालू नकोस," तो म्हणाला. "याच्यात पाणी... बाहेरचं नाही. तिचं स्वतःचंच. मी सगळीकडून बंद केलं होतं ना."

"मला माहीत आहे."

त्यानं वर बघितलं.

"तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. चढताना ताईला फार उकडत होतं. मैत्रीण म्हणाली, चेन उघड. तर ताई म्हणाली, नको, बाबांनी सांगितलंय."

गॅस चालूच राहिला होता. तिनं तो बंद केला.

"माहीत होतं तर मग हेच का मागत होतीस?"

"मी ते घालून गेले असते आणि नीट परत आले असते," ती म्हणाली, "तर तुम्हाला वाटलं असतं की जॅकेट चांगलं होतं."

त्याचे हात ओले होते. त्यानं ते विजारीला पुसले, पुन्हा पुसले. नवं जॅकेट सोडवून तिच्या खांद्यांवर घातलं. तिनं मुकाट्यानं बाह्या चढवल्या. सवयीनं त्यानं चेन धरली आणि गळ्यापर्यंत ओढत नेली. तिथं हात थांबला.

मग त्यानं ती हळूहळू खाली आणली, पार शेवटपर्यंत.

"उकडलं की उघडायची," तो म्हणाला. "मी काहीही सांगितलेलं असलं तरी."