मयूरची हलकी काठी

२०२०च्या उन्हाळ्यात मयूरला बास मासा पकडायचं वेड लागलं. तो मूळचा पेणचा. बास म्हणजे आपल्या जिताड्याचा इकडचा भाऊ, असं तो बायकोला, यामिनीला सांगायचा. आयर्लंडमधल्या डंडॉकच्या ऑफिसचं काम घरूनच चाललेलं. लॅपटॉप मिटला की स्वारी खाडीवर.

गळाच्या विकतच्या काठ्या त्याला जड वाटायच्या. बोटाएवढं रबरी आमिष फेकायचं तर काठीही तशीच नाजूक हवी. त्याने कार्बनची बारीक नळी मागवली, टेबलावर दाबून फिरवत तिची ताठ बाजू शोधली. दोरी ओवायच्या कड्या यामिनीने रेशमी दोऱ्याने घट्ट गुंडाळून दिल्या.

"माशाने नुसतं हुंगलं तरी बोटाला कळेल," मयूर म्हणाला.

शेजारच्या म्हाताऱ्या शेमसने काठी तोलून पाहिली. "ग्रँड! पण हिच्या नादात फार आत जाऊ नकोस. इथे भरतीचं पाणी आधी आपल्या मागचे ओहोळ भरतं."

मयूर हसला. पण रोज थोडा अधिक आत जाऊ लागला.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी यामिनी त्याच्यासोबत गेली आणि गाडीतच बसली. शेजारी एक रिकामी निळी व्हॅन उभी होती. लांब चिखलात मयूर आणि तो व्हॅनवाला ठिपक्यांएवढे दिसत होते. मग धुकं आलं आणि दोघंही दिसेनासे झाले.

तिने फोन लावला. "मयूर, परत फिर."

"फिरलोय. पण समोर पाणी आहे. मघाशी नव्हतं." त्याचा आवाज फार शांत होता. "किनारा कुठे तेच कळत नाहीये."

"मी हॉर्न वाजवते. त्या दिशेने ये!"

एका हाताने हॉर्न दाबून धरत तिने दुसऱ्या हाताने कोस्टगार्डला फोन केला.

बऱ्याच वेळाने तो आला, छातीपर्यंत भिजलेला. पाण्याची खोली बघायला टेकवलेली काठी मोडली होती.

"बस कर, आलो मी."

"व्हॅनवाला नाही आला," यामिनी म्हणाली. तिने हॉर्नवरचा हात काढला नाही.

"आत कोणीतरी हाका मारत होतं," तो म्हणाला.

हेलिकॉप्टर धुक्यात घिरट्या घालत राहिलं. मंगळवारी तो माणूस पलीकडच्या किनाऱ्याला सापडला.

करोनामुळे चर्चमध्ये अंत्यविधीला मोजक्यांनाच परवानगी होती. बाकीचं गाव रस्त्याच्या कडेला उभं राहिलं, त्यांत हे दोघंही. शवपेटी समोरून गेली तेव्हा मयूर हळूच म्हणाला,

"मी ओ दिली होती गं त्याला. आणि हॉर्नच्या दिशेने निघून आलो."