बांधावरचं रानवांगं

कुणाचं कुणाशी काय नातं लागतं, हे आमच्या दाजींइतकं नेमकं सांगणारा माणूस सातारा-सांगलीत शोधून सापडायचा नाही. फक्त ही नाती वांग्याची असतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. वांग्याच्या रानातल्या काटेरी भावकीचा छडा लावायचा, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी ते पान बर्फात ठेवून वाटतात, रस जेलीच्या पातळ वडीत घालून तिच्यातून वीज सोडतात, आणि वर रंग दिला की पानातली एन्झाइमं पट्ट्यापट्ट्यांनी उमटतात. जितक्या पट्ट्या जुळल्या तितकं नातं जवळचं. "काट्यांवर जाऊ नका हो, आतलं बघा," असं ते कुणालाही ऐकवतात, अगदी लग्नाच्या पंगतीत भरल्या वांग्याचा घास हातात धरून. पानं तापली की एन्झाइमं बिघडतात, म्हणून घरचा फ्रीझर रानवांग्यांनी गच्च भरलेला. पाहुण्यांना आइस्क्रीम विचारायचं ताईनं कधीच सोडून दिलंय.

असा हा सोयरिकींचा जाणकार सख्ख्या भावाशी मात्र वर्षानुवर्षं बोलत नव्हता. औंधच्या शेतातल्या बांधावरून थोरल्या आबांशी बिनसलेलं. आणि दाजींना हवं असलेलं एक रानवांगं उगवलं होतं ते नेमकं त्याच बांधावर, दुसरीकडे कुठं मिळेना. आबा बांध काढणार अशी कुणकुण लागली, तेव्हा तर दाजींचं जेवणावरचं लक्षच उडालं. शेवटी बर्फाचा थर्मास देऊन त्यांनी मला धाडलं, गुपचूप पानं खुडायला. आबांनी मला बांधावरच धरलं.

"पाव्हणं, चोरून कशापायी? त्याला तोंड न्हाई व्हय?"

मी घडाघडा सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुधाच्या कॅनमध्ये बर्फ आणि बर्फात पानं घालून आबांची स्वारी एसटीनं थेट कॉलेजात हजर. दिवसभर प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून राहिले. संध्याकाळी पट्ट्या उमटल्या, आणि बहुतेक साऱ्या वांग्याशी जुळल्या.

"जवळचं निघालं, आबा," दाजी म्हणाले. इतक्या वर्षांत भावाशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

आबांनी त्या पट्ट्या बराच वेळ निरखल्या. "मग ऱ्हाऊ दे बांध. न्हाई काढत."

तो प्रयोग केव्हाच संपला. तरी दाजी दर रविवारी पानं आणायला म्हणून औंधला जातात, आणि परत येतात तेव्हा थर्मास रिकामाच असतो. दोघांची साठी जवळ आली. मधली एवढी वर्षं फुकट गेली याची मला फार हळहळ वाटते. ताई काही विचारत नाही. रविवारी सकाळी थर्मासात बर्फ भरून देते.